घारापुरीला जायचंच

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. आमचं घराणं खाडीकाठचं, होड्यांवर वाढलेलं. लग्नानंतर बायकोने घारापुरीला जायचा बेत केला, डबेही भरले. गेटवेला डुलणारी लाँच पाहून मी धक्क्यावरूनच मागे सरलो. तिला घेऊन तसाच भिवंडीला परतलो आणि घरी सांगितलं, हीच पाण्याला घाबरली. तिने भरलेले डबे उघडून सगळ्यांना वाढले.

"गणेशपुरीची पोर, गरम कुंडात पाय सोडून बसायची सवय," वहिनी दर लग्नात तिला चिडवायची. "तिला समिंदर कवा सोसायचा?"

आता बायको या जगात नाही. परवा भावकीच्या जेवणात मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, घाबरलो होतो तो मी. ज्याला हसायचं त्याने हसावं.

शुक्रवारी आमचे कापडाचे लूम बंद असतात, तेव्हा येत्या शुक्रवारी मी घारापुरीला जाणार आहे. मुलगा म्हणाला, "बाबा, तिथे पायऱ्या किती आहेत! गुडघ्यांचं काय?"

"गुडघेही येतील," मी म्हटलं.

सांगायचं राहिलं ते तिलाच. तिच्या आजारपणात कितीदा उशाशी बसलो, पण 'तुझ्यावर खोटा आळ घातला, मला माफ कर' हे तोंडातून निघालंच नाही.