आंघोळीच्या रविवारी पळालेले दोघे

आमच्या कुत्र्याला नाव आहे. माझ्या लेकीनं ते दोन दिवस इंटरनेटवर शोधून ठेवलं होतं. पण त्या नावानं हाक मारली की तो मागे वळून पाहतो, जणू दुसऱ्याच कोणाला तरी बोलावणं आलंय. त्यामुळे ते नाव आता फक्त जनावरांच्या डॉक्टरांच्या कार्डावर उरलं आहे. माझे सासरे, म्हणजे बाबा, त्याला 'पोट्ट्या', म्हणजे पोरा, म्हणतात आणि तेवढ्यावर तो येतो.

तीन वर्षांपूर्वी लेक पंडरीच्या कापडबाजारात सूटचं कापड आणायला गेली आणि पिशवीतून हे पिल्लू घेऊन आली. एका उभ्या गाडीखाली रडत होतं म्हणे. रंग तपकिरी, एक कान उभा, एक पडलेला. "घरात कुत्रं नाही पाहिजे मले," असं बाबांनी त्या दिवशी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगत होते तेव्हा त्यांच्या हातात वाटी होती आणि ते तिच्यात पोळी दुधात कुस्करत होते.

आता हा प्राणी आमच्या शंकर नगरच्या घरात स्वतःच्या नियमांनी राहतो. कुकरच्या शिट्ट्या त्याला मोजता येतात. वरणाला तीन शिट्ट्या लागतात, तेव्हा दोन होईपर्यंत तो डोळेसुद्धा उघडत नाही, आणि तिसरीला उठून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बसतो. मी छोले लावले आणि चौथी, पाचवी शिट्टी झाली की त्याचा अपमान होतो. मग तो भिंतीकडे तोंड करून बसतो आणि कितीही लाडीगोडी लावली तरी पाऊण तास वळत नाही. टीव्हीवर मालिका चालू असली तर झोपतो, बातम्या लागल्या की भुंकतो. यात मात्र घरात कोणाचीच तक्रार नाही.

पण त्याची खरी हुशारी आंघोळीच्या बाबतीत दिसते. महिन्यातून एका रविवारी त्याला आंघोळ घालायची असं आमचं ठरलेलं. पहिल्या वर्षातच 'आंघोळ' हा शब्द त्याला कळायला लागला. कोणी तो उच्चारला की हा दिवाणाखाली. आमचं शहर हिंदी बोलणारं, म्हणून मग आम्ही 'नहलाना' म्हणू लागलो. तेही कळलं. लेक 'बाथ' म्हणाली, ते चार दिवसांत कळलं. नंतर तिनं इंग्रजी अक्षरं सुटी सुटी म्हणून पाहिली. दोन रविवार चाललं, तिसऱ्या रविवारी दुसऱ्या अक्षरालाच तो दिवाणाखाली. माझा नवरा म्हणाला, "एवढ्या लवकर तर मी पण नव्हतो शिकलो."

शेवटी फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही तोंडानं काही बोलायचंच नाही असं ठरवलं. नवऱ्यानं घरच्या मोबाईल ग्रुपवर लिहिलं, 'आज अकरा वाजता. कोणी बोलू नका.' मी वाचलं, लेकीनं वाचलं आणि आम्ही एकमेकींकडे पाहून गप्प राहिलो. त्या ग्रुपात बाबाही आहेत हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. एरवी ते तिथे सकाळी फुलांची चित्रं पाठवतात, म्हणून आम्ही त्यांना वाचणाऱ्यांत धरतच नाही.

इथे बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. त्या रविवारच्या दीड वर्ष आधी ते बाथरूममध्ये घसरून पडले आणि पायाचं हाड मोडलं. प्लास्टर निघून वर्ष झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता रोज चाला. नवऱ्यानं चांगली काठी आणली. ती दाराच्या मागे खिळ्याला टांगलेली होती, मुठीवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. बाबा फाटकापर्यंत जायचे, रस्त्याकडे पाहायचे आणि परत यायचे. "उद्या पाहू," म्हणायचे. आंघोळ स्टुलावर बसून, दार किलकिलं ठेवून. जो माणूस रेल्वेच्या नोकरीत असताना सकाळी चार कोस सायकल हाणत जायचा, त्याला असं फाटकातून परतताना पाहणं अवघड जायचं. पण त्यावर बोललं की ते पेपर वर धरायचे.

अकराला दहा मिनिटं कमी असताना मी बादलीत गरम पाण्याचा रॉड टाकला. लेकीनं शाम्पू आणला. नवऱ्यानं बाही वर केली आणि दबक्या पावलानं दिवाणाखाली वाकून पाहिलं. तिथे कुत्रा नव्हता. जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेल्या कूलरच्या मागे नव्हता, गॅस सिलिंडर आणि भिंतीच्या मध्येही नव्हता. लेक व्हरांड्यात जाऊन आली आणि म्हणाली, "मम्मी, आजोबा भी नहीं हैं।"

आम्ही तिघं दाराच्या मागे गेलो. खिळा रिकामा होता. खाली फाडलेलं प्लास्टिक पडलं होतं. कुत्र्याचा पट्टा जागेवर नव्हता. बाबांचा फोन मात्र टेबलावर चार्ज होत होता आणि स्क्रीनवर तोच ग्रुप उघडा होता.

नवऱ्याचा चेहरा उतरला. "दीड वर्ष झालं, फाटकाच्या बाहेर पाय नाही ठेवला त्यांनी," एवढंच तो म्हणाला आणि अनवाणीच रस्त्यावर धावला. समोरच्या घरातल्या दीदी गच्चीवर बड्या, म्हणजे सांडगे, वाळत घालत होत्या. त्यांनी वरूनच सांगितलं, "अंकलजी तो ई-रिक्शा में गए। बूढ़ापारा बोल रहे थे। कुत्ता भी सीट पर बैठा था, बड़े आराम से।"

बूढापारा म्हणजे जिथे बाबांचं लहानपण गेलं. आता तिथे आमचं कोणी नाही. लेकीला घरी ठेवून आम्ही स्कूटरवर निघालो. दुपारी नात्यातल्या एका मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, त्यासाठी काढून ठेवलेला पांढरा कुडता नवऱ्यानं निघायच्या घाईत अंगात अडकवला होता. मी मागे बसून प्रत्येक ई-रिक्षात वाकून पाहत होते. हसू येत होतं आणि काळजीही वाटत होती.

ते तिथल्या तलावाच्या काठच्या बागेत सापडले. बाबा बाकावर बसले होते, काठी मांडीवर आडवी. त्यांच्या शेजारी, बाकावरच, कानापासून शेपटीपर्यंत काळ्या चिखलात माखलेला कुत्रा बसला होता आणि अर्धा समोसा खात होता. बागेला नुकतंच पाणी सोडलेलं होतं. झाडांच्या आळ्यांत साठलेल्या चिखलात तो मनसोक्त लोळला होता. ज्याला आंघोळीपासून वाचवायला आणलं, त्याला आता आंघोळीशिवाय कोणी दारात उभं केलं नसतं.

"बाबा, सांगून काहून नाही गेले तुम्ही?" नवऱ्याचा आवाज चढला.

"सांगतलं असतं त तू जाऊ दिलं असतं काय?"

"फोन तरी घ्यायचा."

"विसरलो." मग बाबांनी आमच्याकडे न पाहता सांगितलं, "केव्हाच आलो असतो परत. पण याले पाहून कोणी रिक्षात बसवूनच नाही राहिलं. तीन रिक्षावाले पळाले. म्हटलं, येईन कोणीतरी घरून."

"आणि आम्ही नसतो आलो तर?"

"त आणखी एक समोसा घेतला असता."

नवरा काही बोलायच्या आत कुत्र्यानं अंग झाडलं. पांढऱ्या कुडत्यावर खांद्यापासून खिशापर्यंत ठिपके उमटले. नवऱ्यानं मान खाली घालून ठिपक्यांकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं. बाबा काठीची मूठ फार लक्ष देऊन पुसत होते. त्यांचे खांदे हलत होते. मला आधी वाटलं त्यांना त्रास होतोय. ते हसत होते. मग माझंही हसू फुटलं आणि शेवटी नवऱ्याचंही. बागेत फिरायला आलेली माणसं थांबून पाहू लागली.

परत येताना कुत्रा स्कूटरच्या पायदानावर, नवऱ्याच्या दोन पायांमध्ये उभा राहून आला. कुडत्याचं आता काही वाचवण्यासारखं उरलं नव्हतं. मी आणि बाबा ई-रिक्षात बसलो. बराच वेळ ते बाहेरची दुकानं पाहत होते. इथे पूर्वी काय होतं, तिथे काय होतं, ते सांगत होते. मी विचारलं, "बाबा, खरं सांगा. भीती नाही वाटली?"

"वाटली ना. फाटकापाशीच वाटली. पण यानं पट्टा असा वढला, का थांबाले वेळच नाही भेटला."

"आणि त्याला घेऊन निघायचं कशाला? एक आंघोळच तर होती."

"त्याले त्या बाथरूमची भीती वाटते," बाबा म्हणाले. "तुम्ही दार लावून घेता, अन् हसता. तो आतून थरथरते. मी पाहिलं आहे."

खरंच, आम्ही दार लावून घ्यायचो आणि हसायचो.

घरी आल्यावर मी रॉडवर गरम झालेली बादली उचलून मागच्या अंगणात, उन्हात आणली. लेकीनं एक खुर्ची ठेवली. बाबा खुर्चीवर बसले, कुत्र्याचा पट्टा एका हातात, पाण्याचा मग दुसऱ्या हातात. "हव, हव, होऊनच राहिलं, पोट्ट्या," असं त्याच्याशी बोलत त्यांनी हळूहळू पाणी ओतलं. तो थरथरला, दोनदा पळायला पाहिलं, एकदा तर तो प्लास्टिकचा मगच चावला. पण उभा राहिला. सगळं होईस्तोवर बाबांची बंडी, धोतर, चष्मा, सगळं ओलं झालं होतं. ते उठले आणि म्हणाले, "आता माझ्यासाठीही दुसरी बादली टाका इथं. ऊन चांगलं आहे." आणि खरोखरच त्यांनी अंगणात, उघड्यावर, उभं राहून आंघोळ केली. कितीतरी महिन्यांनी. लेक शहाण्यासारखी आत निघून गेली. मी टॉवेल दोरीवर ठेवला आणि मीही गेले.

साक्षगंधाला नवरा निळ्या शर्टात गेला. तिथे कुडत्याचं विचारणाऱ्या प्रत्येकाला त्यानं ही हकीगत सांगितली आणि दर वेळी पळालेल्या रिक्षावाल्यांची संख्या वाढत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आणि कुत्रा कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. मग रोज जाऊ लागले. दहा मिनिटांच्या रस्त्याला त्यांना पाऊण तास लागतो. बाबा म्हणतात, हा पोट्टा प्रत्येक फाटकापाशी थांबते, मी काय करू? समोरच्या दीदी मात्र गच्चीवरून पाहतात. त्या म्हणतात की थांबतात बाबाच, आणि कुत्रा बिचारा त्यांची बोलणी संपायची वाट पाहत रस्त्यात बसून राहतो.