साडूभाऊंच्या खोक्यातलं सैन्य

नवी वस्तू वापरायला काढणं म्हणजे तिच्या जिवावर उठणं, असं मानणारा माणूस जगात एकच असावा आणि तो नेमका माझा साडू निघावा, हे माझं नशीब. साडूभाऊंच्या घरी टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीतून दाबावा लागतो. सोफ्यावरचं प्लास्टिकही अजून निघालेलं नाही. उन्हाळ्यात पाहुणा उठला की पाठीमागून चर्रर्र आवाज येतो आणि बिचारा पाहुणा उगीच ओशाळतो. मी दिलेला शर्ट टाचण्यांसकट कपाटात पडून आहे. एकदा चिडून विचारलं, तर म्हणाले, "घालायचाय की, साडूभाऊ. जरा बसू द्या त्याला." शर्टाला काय बसायचं असतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. वाळूजच्या कारखान्यात त्यांचं काम तयार माल पॅक करून घेण्याचं, त्यामुळे पॅक झालेलं उघडणं त्यांच्या रक्तातच नाही, असं माझी मेहुणी म्हणते.

अशा माणसानं थेट परदेशातून खेळ मागवला, तो लेकीच्या हट्टापायी. ती तेव्हा नववीत होती. बापलेकीला पटावरच्या खेळांचं भयंकर वेड. तिला इंटरनेटवर हा खेळ सापडला. पटावर डोंगर, नद्या, दिवाळीच्या किल्ल्यावर मांडतात तसे बोटाएवढे सैनिक आणि दोन राजांची लढाई. समोरचा राजा धरला की डाव संपला. अडचण एवढीच, की खेळ अजून बनलाच नव्हता. लोकांनी आधी वर्गणी द्यायची, ती जमली की कंपनी खेळ बनवणार. "म्हणजे गणपतीसारखंच की," म्हणत साडूभाऊंनी वर्गणी भरली. गणपती दरवर्षी आले, खेळ काही येईना. कधी साचा बिघडला, कधी जहाज अडकलं. लेकीची दहावी झाली, बारावी झाली, नागपूरला इंजिनिअरिंगला नंबर लागला. शनिवारी ती हॉस्टेलला निघणार आणि गुरुवारी खोकं दारात हजर.

मला फोन आला, "लगेच या. लई मोठं आलंय." गेलो तर डायनिंग टेबलावर खोकं आणि भोवती साडूभाऊंच्या प्रदक्षिणा. टेपचं टोक नखानं उचलून, कुठंही फाटू न देता त्यांनी ती सोडवली, तोवर माझे दोन चहा झाले. पण झाकण निघालं आणि खरं सांगतो, मीसुद्धा हरखलो. करड्या प्लास्टिकचे सैनिक ओळीनं निजलेले. घोड्याच्या आयाळीचा केस न् केस दिसत होता, राक्षसाच्या पायातल्या वहाणेला अंगठासुद्धा होता. लेकीनं हात पुढं केला, तोच साडूभाऊंनी झाकण लावलं.

"बघितलं ना डोळे भरून? आता राहू दे. तू सुट्टीला आलीस की खेळू."

पोरीचा चेहरा असा पडला की मलाच राग आला. "अहो, परवा जातेय ती. एकदा गेली की सुट्टीत मैत्रिणी, अभ्यास, तुम्हाला कुठली सापडतेय?"

"नवीन आहे, साडूभाऊ. तुटलं-बिटलं तर?"

तेवढ्यात त्यांच्या आई बाहेर आल्या. नातीला निरोप द्यायला त्या देवगाव रंगारीहून आल्या होत्या. हातात हळदी-कुंकवाचं ताट. घरात मिक्सर येवो की मोटारसायकल, पूजा झाल्याशिवाय त्या पुढं जाऊ देत नाहीत. "उघड की रे. बंद खोक्याला कुंकू लावतेत व्हय?"

आईपुढं साडूभाऊंचं काय चालणार? झाकण उघडलं. म्हातारीनं ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि राजापासून शिपायापर्यंत एकेकाच्या कपाळी टेकवलं.

"आजी, तो राक्षस आहे," नात म्हणाली.

"असू दे. आपल्या घरी आलाय न्हवं?"

साडूभाऊ रुमाल घेऊन धावले. पुसायला गेले तसं कुंकू तोंडभर पसरलं आणि करड्या प्लास्टिकवरचा लाल डाग काही केल्या जाईना. एका सेनापतीला हातात धरून ते बराच वेळ बघत राहिले. त्या सैन्यात आता नवीन म्हणावं असं काही उरलंच नव्हतं. शेवटी एक उसासा टाकून ते लेकीला म्हणाले, "मांड गं माय."

मग त्या घरात जो काही आनंदीआनंद झाला! नियमांचं जाडजूड पुस्तक उलटसुलट करत बापलेक भांडत होते, फासे सोफ्याखाली जात होते, मेहुणी हातात पोह्यांची बशी देऊन कपाळाला हात लावत होती. मधे मधे सल्ला देतो म्हणून दोघांनी मिळून मला हाकललं. शनिवारी गाडीची वेळ झाली तरी लढाई संपेना. डाव तसाच टेबलावर टाकून पोरगी नागपूरला गेली.

तो अजून तिथंच आहे. घरचे खाली बसून जेवतात. दर रविवारी लेक व्हिडिओ कॉलवर आपली चाल सांगते, साडूभाऊ तिचे सैनिक हलवतात, मग स्वतःचे. परवा मी शेजारीच बसलो होतो. लेकीचा राजा नदीकाठी एकटा सापडलेला, आणि साडूभाऊंचा सेनापती त्याच्या पुढ्यातच उभा. साडूभाऊंनी सेनापती उचलला आणि अलगद डोंगरापलीकडं मागं नेऊन ठेवला.

फोन बंद झाल्यावर मी म्हणालो, "अहो, एका चालीत जिंकला असता की."

"व्हय, दिसत होतं मला," ते पटाकडं बघतच म्हणाले. "मागल्या रविवारी माझा राजा बी असाच घावला होता तिला. तिनं बी सोडला."