वेबसाइटवरचा हात

"चेहरा दिसत नाही ना? मग लावा," आमचे संचालक म्हणाले आणि मी तो फोटो लावायला सांगितला. नव्वदचं दशक सरत आलं होतं. सांगलीतल्या आमच्या छोट्या संस्थेची वेबसाइट तयार होत होती. तिच्यावरचा मराठी मजकूर लिहायचं काम माझ्याकडे होतं, कारण आरोग्य शिक्षण हाच माझा पेशा.

आम्ही सुई-बदल केंद्र चालवायचो. नशेची इंजेक्शनं घेणाऱ्याने वापरलेली सुई आणून द्यायची आणि कोरी न्यायची. नाव-गाव विचारायचं नाही. एकाच सुईने दोघा-तिघांनी टोचून घेतलं की एचआयव्ही एकाचा दुसऱ्याला होतो, ती वाट बंद करायची, एवढाच हेतू. लोकांना मात्र वाटायचं, आम्ही व्यसनाला खतपाणी घालतोय. म्हणून मी अगदी तोलूनमापून लिहिलं. 'व्यसनी' हा शब्द एकदाही येऊ दिला नाही. त्याचा मला अभिमानही होता.

पण आपल्याकडे योजना म्हटली की लाभार्थ्याला वस्तू देतानाचा फोटो हवाच. संचालकांनी तो मागितला. त्या दिवशी आष्ट्याकडचा संपत आला होता. गुऱ्हाळात ऊस घालताना चरकात सापडून त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. दुखणं थांबवायला इंजेक्शनं सुरू झाली, ती सुटलीच नाहीत. तरी आठ महिने तो दर मंगळवारी न चुकता सुई बदलायला यायचा. फोटोला तो नको म्हणाला. "फक्त हात घेऊ," मी म्हटलं. माझ्या शब्दावर त्याने हात पुढे केला.

तेव्हा इंटरनेट होतं कुणाकडे? वेबसाइट कोण बघणार, म्हणून संचालकांनी त्या पानाच्या झेरॉक्स काढायला लावल्या. त्या आम्ही जिल्ह्यातल्या दवाखान्यांत आणि एसटी स्टँडवर चिकटवल्या. आष्ट्याच्या स्टँडवरची मी स्वतः चिकटवली.

पुढच्या मंगळवारी संपत आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. घरी गेले असते तर आणखी बोभाटा झाला असता, म्हणून आष्ट्याच्या बाजारात त्याला गाठलं. उजवा हात खिशात होता.

"बाई, तोंड झाकलं तुमी. पर गावात मला हातावरनंच वळखत्यात. बायकू पोरीला घिऊन म्हायेरी गेली."

मी माफी मागितली. सुया म्हणशील तिथे पोचवते, असंही म्हणाले.

"नगं. आता कुणी कायबी हातात दिलं तरी लोक बघत्यात."

मग सुईचं काय करतोस, मी विचारलं.

"दोस्ताची हाय की. दोगांत चालतीया."

मी त्याच दिवशी दिसतील तेवढे कागद फाडले. संपत काही परत आला नाही. दीड वर्षाने तापाने खंगून तो सिव्हिलमध्ये दाखल झाला आणि रक्ताचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. तो त्याला समजावून सांगायला डॉक्टरांनी मलाच बोलावलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत इतकं लाजिरवाणं मला कधी वाटलं नव्हतं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि पोरीला काही होणार नाही ना, एवढंच विचारलं.

त्या पानावर वाचणारे काय म्हणतील, याचा मी महिनाभर विचार केला होता. छापण्याआधी ते संपतला दाखवायला पाच मिनिटं लागली असती.