आठव्या महिन्यात काढलेली दाढी

मला दाढी शोभत नाही. शिकत असताना दोनदा ठेवून पाहिली होती. एका गालावर दाट, दुसऱ्या गालावर विरळ, आणि हनुवटीखाली नुसता गुंता. तरीही बायकोला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी दाढी वाढवली. आमच्याकडं बायको गरोदर असली की नवऱ्यानं दाढी-कटिंग करायची नसते. वस्तरा लागला तर पोटातल्या जिवाला धोका असतो म्हणतात. कसला धोका आणि तो तिथपर्यंत पोचतो कसा, हे कुणी विचारत नाही. मी नांदेडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. दिवसभर पोरांना सांगतो, निरीक्षण लिहा, कारण लिहा, मनानं काही लिहू नका. आणि घरी आलो की आरशात दाढी किती वाढली ते बघायचो.

पहिल्या वेळी मी हे पाळलं नव्हतं. तेव्हा हसलो होतो. पाचव्या महिन्यात एका मित्राच्या लग्नाला जायचं म्हणून चांगली गुळगुळीत दाढी करून घेतली, आणि त्यानंतर नवव्या दिवशी सगळं संपलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं कधी कधी, कुणाचा दोष नसतो. चाकूरहून सासूबाई आल्या. दवाखान्याच्या खोलीत त्यांनी आधी मुलीकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं.

"दाढी केलीत व्हय, जावईबापू?"

मी हो म्हणालो. त्या पदर तोंडाला लावून खाली बसल्या. बायको भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिला ऐकू गेलं होतं, हे तिच्या पाठीवरून कळत होतं. त्यावर ती त्या दिवशी काही बोलली नाही, नंतरही कधी नाही. भांडली असती तर मीही दोन शब्द बोललो असतो. ती गप्प राहिली आणि मी आतल्या आत कुढत राहिलो.

दुसऱ्या वेळी चौथा महिना लागला तेव्हा एका सकाळी मी गालाला फेस लावून उभा होतो. ती मागून आली आणि चहात साखर कमी घाला म्हणावं तसं म्हणाली, "ह्या वेळी नका करू हं." मी फेस धुऊन टाकला. दाढीचं सामान माळ्यावर ठेवून दिलं, उगाच हात जायला नको म्हणून.

दाढी नुसती वाढू दिली की झालं, असं मला वाटायचं. आमचे घरमालक सरदारजी आहेत, नांदेडातच जन्मलेले, मराठी आमच्याइतकीच बोलणारे. मला जिन्यात हनुवटी खाजवताना बघून त्यांनी एकदा थांबवलं. "वरवर नका धुऊ. बोटं मुळापर्यंत घाला. आन् धुतल्यावर आतून कोरडी करा, पंच्यानं दाबून दाबून. वरून वाळलेली दिसती, आत ओल राहती." मग दोन थेंब तेल तळहातावर चोळून कसं लावायचं, लाकडी कंगवा खालून वर कसा न्यायचा, हे त्यांनी तिथंच करून दाखवलं. मी मान डोलावली आणि चार दिवस केलं. पाचव्या दिवशी कंटाळलो. हा माझा जुना रोग आहे. कुठलीही गोष्ट मला चार दिवसांच्या वर जमत नाही.

सातव्या महिन्यात ती बाळंतपणाला चाकूरला गेली, आणि नांदेडचा उन्हाळा अंगावर आला. प्रयोगशाळेत बर्नर पेटलेले असतात तेव्हा पंखे बंद ठेवावे लागतात. दाढीत घाम मुरायचा. दुपारपर्यंत गाल असा चुरचुरायचा की बाटलीवरचं लेबल वाचतानाही एक हात हनुवटीवर. पोरं हसायची. एका जागी बसवेना, कुणाचं बोलणं धड ऐकवेना. खाजवलं की बरं वाटायचं, आणि लगेच दुप्पट खाज. घरी आलो की खोलीत येरझारा घालायचो. मग कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला तोंड दाखवलं. त्यानं काउंटरवरूनच बघितलं आणि एक ट्यूब पुढं सरकवली. तीन दिवसांत खाज थांबली, मी खूश. ट्यूब संपली तशी खाज परत आली, आणि येताना गालावर लाल चकंदळं घेऊन आली. कडेला बारीक पुरळ, मधे पांढरी साल.

कातडीच्या डॉक्टरांनी ट्यूब बघितली आणि मला चांगलंच झापलं. "रसायनशास्त्रवाले ना तुम्ही? पाठीमागं काय लिहिलंय ते वाचलं तरी का?" तो गजकर्ण होता. त्या ट्यूबमधल्या स्टेरॉइडनं तो वरून शांत केला आणि खालून पसरवला होता. त्यांनी गोळ्या दिल्या, दुसरं मलम दिलं, टॉवेल-उशी वेगळी ठेवायला सांगितली. शेवटी म्हणाले, "दाढी काढा. केसांत मलम कुठं पोचणार?"

मी म्हणालो, अजून दोन महिने काढता येणार नाही.

"का?"

मी कारण सांगितलं. मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. चष्मा काढून त्यांनी मला विचारलं, "बाळ आल्यावर घेणार ना मांडीवर? गालाला गाल लावणार ना? मग हे त्याला देणार का? नवजात कातडी असते ती." आणि दुसऱ्या पेशंटला हाक मारली.

आता माझी खरी पंचाईत झाली. दाढी काढली आणि काही वाकडं झालं, तर? ठेवली आणि पोराला पहिल्याच आठवड्यात गजकर्ण दिला, तर? मी तीन दिवस हे दोन्ही ‘तर’ डोक्यात घेऊन फिरलो. बायकोला विचारावं असं दहा वेळा मनात आलं. फोनही लावला. पण ती "आज लई लाथा मारायलंय" म्हणून हसत होती, आणि त्या हसण्यावर मला हा दगड टाकवेना. खरं सांगायचं तर, ती नको म्हणाली असती तर मी दाढी ठेवली असती, आणि ती हो म्हणाली असती तर मला ते खरं वाटलं नसतं. म्हणून विचारलंच नाही.

चौथ्या दिवशी कॉलेजातून परस्पर आमच्या गल्लीतल्या कटिंगच्या दुकानात चाचांकडं गेलो. म्हातारे आहेत, वडिलांच्या वेळचं दुकान, दोन खुर्च्या. पहिल्या वेळची ती गुळगुळीत दाढी त्यांनीच केली होती. त्यांनी माझी मान वर करून गाल उजेडाकडं वळवला.

"ह्याच्यावर वस्तरा न्हाई चालनार. मशीन मारतो, बारीक." मग थांबले. "भाभी माहेराला हाय ना? घरात सांगून आलात का?"

"नाही."

त्यांनी मशीन परत फळीवर ठेवली. मी म्हणालो, "चाचा, करा आता, नाहीतर मी उठून जाईन." मग त्यांनी मशीन सुरू केली. केस कपड्यावर पडत होते आणि माझं लक्ष गालाकडं नव्हतंच. खिशातला फोन आत्ता वाजतो की मग वाजतो, असं झालं होतं. काम झाल्यावर त्यांनी मशीनचं पातं काढून स्पिरिटमध्ये बुडवलं, कपडा वेगळा टाकला आणि म्हणाले, "तुमी सांगितलं न्हाई, तर मी बी केली न्हाई."

नंतरचे सहा आठवडे मी माणसात नव्हतो. रोज दोन वेळा साध्या पाण्यानं तोंड धुवायचं, टिपून कोरडं करायचं, चकंदळाच्या बाहेर दोन बोटं जास्त मलम लावायचं. उशीचा अभ्रा रोज उकळायचा. चार दिवसांच्या वर काही न जमणाऱ्या माणसानं हे सहा आठवडे एकही दिवस न चुकता केलं. पण व्हिडिओ कॉल आला की बहाणे शोधायचो. कधी रेंज नाही, कधी कॅमेरा बिघडलाय, कधी तोंडाला रुमाल बांधून, उन्हातून आलोय म्हणून. ती म्हणायची, "दाढी दाखवा ना, किती वाढली बघू." मी म्हणायचो, आल्यावर बघ. अवेळी फोन वाजला की हात आधी हनुवटीवर जायचा, मग फोनवर. एकदा सकाळपासून तिचा फोनच लागेना. मी अर्धा दिवस रजा टाकून एस.टी. स्टँडवर जाऊन उभा राहिलो. गाडी लागली तेव्हा तिचा फोन आला, चार्जिंग संपलं होतं म्हणून. मी तसाच परत आलो आणि उरलेले दोन तास कामावर गेलो.

हळूहळू लाली उतरली. सालं जाऊन खाली फिकट डाग राहिले, नवे केस आले. डॉक्टर म्हणाले, आता बाळाला घ्यायला हरकत नाही, गोळ्यांचा कोर्स तेवढा पुरा करा.

सासूबाईंचा फोन सकाळी आला. लातूरला दवाखान्यात नेलंय, निघा. लोहा, अहमदपूर, चाकूर. हा रस्ता इतका लांब आहे हे मला त्या दिवशी कळलं. मी निम्मा रस्ता उभाच होतो, सीट रिकामी असून. कंडक्टर म्हणाला, "बसा की भाऊ, गाडी तितकीच पळती." दवाखान्यात पोचलो तेव्हा मुलगी झाली होती. दोघी ठीक. सासूबाईंनी कपड्यात गुंडाळलेलं ते पोर माझ्या हातावर ठेवलं आणि माझ्या तोंडाकडं बघितलं. मी हनुवटी खाली घातली.

"बारीक दिसायली वो. उन्हानं कातरली का काय?" मग माझ्या उत्तराची वाट न बघता बाहेरच्या बायकांना सांगायला गेल्या, "आमच्या जावयानं ह्या बारीला लई पाळलं."

दुपारी त्या डबा आणायला गेल्या आणि खोलीत आम्ही तिघंच राहिलो. मुलगी पाळण्यात झोपली होती. मला इतकं हलकं वाटत होतं की काही तरी बोलल्याशिवाय राहवेना. मुलीला हातावर घेतलं तेव्हाच माझ्या डोक्यात एक गोष्ट लख्ख झाली होती आणि ती तिला कधी सांगतो असं झालं होतं. मी सगळं सांगितलं. गजकर्ण, डॉक्टर, चाचा, रुमाल बांधून केलेले फोन. ती रागावेल याची मी तयारी केली होती. ती रागावली नाही. मग मी जवळजवळ हसतच म्हणालो, "अगं, म्हणजे आठव्या महिन्यात पार मशीन मारली, तरी काही झालं नाही. मग त्या वेळी तरी माझ्या दाढीनं कसं होईल? त्या वेळीही ते माझ्यामुळं नव्हतं."

दोन वर्षं जे वाक्य कुणीतरी माझ्याशी बोलावं म्हणून मी थांबलो होतो, ते शेवटी मीच बोललो. आता ती हो म्हणेल, म्हणून मी तिच्याकडं बघत होतो.

तिनं हात लांबवून पाळण्यातलं पांघरूण सारखं केलं. मग हळू आवाजात म्हणाली, "त्या वेळी, त्याच आठवड्यात मी देगलूरला शाळेच्या परीक्षेच्या ड्युटीवर गेले होते. तुम्ही म्हणाला होतात जीप करू. मीच म्हणाले, बसनं जाते. जाऊन-येऊन दोन दिवस, तो सगळा खड्ड्यांचा रस्ता."

"त्याचं काय?" मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच मला कळलं.

"मला वाटायचं, तुमच्या दाढीनं झालं असेल. खोटं असेल, पण वाटायचं. म्हणून झोप तरी लागायची."

"तुझ्यामुळंही नव्हतं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या..."

"तुमच्यामुळं नव्हतं हे तुम्ही आज दाखवून दिलंत," ती म्हणाली. "माझ्यामुळं नव्हतं हे कोण दाखवणार?"

दाढी ठेवली होती असंच तिला वाटू द्यायला हवं होतं. माझ्यावरचा आळ मी आणखी शंभर वर्षं सुखानं घेतला असता. पण ते मी आता कसं परत घेणार होतो? सासूबाई डबा घेऊन आत आल्या. बायकोनं डोळे पुसले आणि त्यांना सांगितलं, काही नाही, उन्हानं डोळे जळतायत.