परचुरेकाकूंची फळी

परचुरेकाकू कुठल्याही नव्या घरात शिरल्या की आधी सगळ्यात आतल्या खोलीत जायच्या. मालकीणबाई हौसेनं किचन दाखवायला वळायच्या, आणि काकू "हो हो, बघते" म्हणत उलट्या दिशेला. आतल्या खोलीत भिंतीला पाठ लावून मिनिटभर गप्प उभ्या राहायच्या. मग मला हाक यायची, "मीनल, फळी आण."

फळी सहा फूट लांब आणि पावणेदोन फूट रुंद होती. जाड प्लायवूड, कडेनं सागाच्या पट्ट्या, आणि भिंतीला ओरखडा येऊ नये म्हणून दोन्ही टोकांना जुन्या सतरंजीचे तुकडे ठोकलेले. काकूंच्या मारुतीच्या टपावर बांधून ती अख्खी दिल्ली फिरायची. पुढचं टोक काकू धरायच्या, मागचं मी. आतल्या खोलीतून निघायचं, पॅसेजमध्ये वळायचं, जेवणाचं टेबल जिथं येणार ती जागा ओलांडायची आणि दारातून बाहेर जिन्यापर्यंत जायचं. फळी कुठं टेकता कामा नये, कलता कामा नये. जिथं टेकेल तिथं काकू खडूनं फुली मारायच्या. त्या फुलीवर मग कपाट नाही, कुंडी नाही, काही नाही. बाकी सगळ्या बाबतीत गिऱ्हाईक म्हणेल ते ऐकणारी ही बाई फुलीच्या बाबतीत कोणाच्या बापाचं ऐकत नसे.

"मॅडम, हे काय मोजताय?" असं कोणीतरी विचारायचंच. उत्तर ठरलेलं होतं. "सोफा येतो का ते बघतेय."

सोफा बाहेरून आत येतो. आम्ही दर वेळी आतून बाहेर जात होतो. बी.एस्सी.ला रसायनशास्त्रात फर्स्ट क्लास मिळवलेल्या मुलीला हे चार वर्षांत एकदाही सुचलं नाही, यावरून त्या फर्स्ट क्लासची किंमत करा.

काकूंची माझी गाठ बाबांनी घालून दिली, तीही कुचेष्टेनं. आम्ही सरकारी क्वार्टर्समध्ये राहायचो. गणपतीत मंडळाच्या मांडवात बाबा त्यांना म्हणाले, "ही आमची मीनल. बी.एस्सी. झाली, आणि आता म्हणते पडदे लावणार." डिझाइनच्या दोन कॉलेजांनी मला नकार दिला होता आणि बाबांना नोकरीची एक खात्रीची जागा दिसत होती. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "लावता येतात पडदे?" म्हणाल्या. मी म्हटलं, नाही. "मग सोमवारपासून ये. येत असते तर घेतलं नसतं."

त्या स्वतः मंत्रालयाच्या सांख्यिकी विभागातून आल्या होत्या. अर्थशास्त्रात एम.ए., सतरा वर्षं नोकरी, आणि नवरा गेल्यावर एक दिवस राजीनामा. डिझाइनचं एक पुस्तकही घरात नव्हतं. तो काळ असा होता की गुडगावात रोज नवीन कंपनी उतरायची, मोहरीच्या शेतात बारा-बारा मजले उभे राहायचे आणि त्यातल्या प्रत्येक फ्लॅटला डिझायनर हवा असायचा. पण चांगला, शिकलेला. "आपने कोर्स कहाँ से किया?" हा प्रश्न आला की मी पडद्यांचे नमुने चाळायला लागायचे. काकू शांतपणे सांगायच्या, "सरकारी दफ्तर से. तिथं लाखो माणसांची सरासरी काढत होते. आता एकेका माणसाचं माप घेते." अर्धं हिंदी, अर्धं मराठी. समोरच्या पंजाबी बाईला काय कळायचं देव जाणे, पण काम मिळायचं.

मला त्यांनी शिकवलं म्हणजे काय केलं, तर चालायला लावलं. "कागदावर माणूस नसतो," म्हणायच्या. "कागदावर टेबल असतं, खुर्ची असते. तुला टेबल छान दिसतं ग, माणूस दिसत नाही अजून." हे मी शेकडो वेळा ऐकलं. ते मला फार लागायचं, कारण मला नेमकं तेच हवं होतं. कोणीतरी म्हणावं की हिच्याकडे नजर आहे, हिला कॉलेजची गरज नाही.

आता एक सांगते, आणि सांगताना आजही मला बरं वाटत नाही. त्या फळीची मला भीती वाटायची. वजन तसं काही नव्हतं. पण उचलण्याआधी काकू म्हणायच्या, "सांभाळ. जड आहे." मी एका हातानं धरली तर ओरडायच्या, "दोन्ही हातांनी. असं धरतात?" उंबरठ्यापाशी थांबायच्या, मागं वळून फळीकडे बघायच्या. माझ्याकडे नाही, फळीकडे. काही सरकलं तर नाही ना, असं बघतात तसं. आणि चालताना एक शब्द बोलायचा नाही. मी कंटाळून पाय उचलला तर मात्र बोलायच्या, "हळू. घाई कोणाला आहे?"

एकदा मे महिन्यात आम्ही गुडगावच्या एका अर्धवट इमारतीत होतो. नववा मजला, खिडक्यांना काचा नाहीत, लिफ्टच्या जागी नुसती खोल विहीर. भर दुपार. लू अशी वाहत होती की रिकाम्या खोल्यांतून कोणी कण्हतंय असं वाटावं. खाली माणूस दिसत नव्हता, दूर एक नीलगाय उभी होती. आम्ही फळी घेऊन निघालो. पॅसेजच्या वळणावर माझे हात अचानक खाली ओढले गेले. फळी जड झाली. माझ्या बोटांना रग लागली, खांदे उतरले. दारात एक कुत्रं सावलीला झोपलं होतं. ते उठलं, भुंकलं नाही, भिंतीला अंग चिकटवून उभं राहिलं आणि फळी जाऊ दिली. जिन्यापाशी टेकवल्यावर मी म्हटलं, "काकू, आज जड लागली."

काकूंनी पदरानं मान पुसली. "लागली ना?" म्हणाल्या. आवाजात चक्क समाधान होतं. "चला, शिकायला लागलीस."

ऊन लागलं असेल, मी उपाशी होते. मी स्वतःला तेच सांगितलं आणि अजूनही सांगते.

पाचव्या वर्षी काकूंनी मला पहिलं स्वतंत्र काम दिलं. गुडगावात खन्नांचा फ्लॅट. नवरा परदेशी कंपनीत, बायको हौशी, आणि आतल्या खोलीत खन्नांचे वडील, बाऊजी. नव्वदीला टेकलेले, दिवसभर पलंगावर बसून खिडकीबाहेरच्या क्रेन बघायचे. मी जीव ओतून काम केलं. पॅसेजच्या वळणावर मी काचेची अर्धगोल टाकी बसवली, आत दिवे, लाल-काळे मासे. दार उघडल्याबरोबर आधी ती चमकायची. एका मासिकाची बाई येऊन बघून गेली, आणि फोटोग्राफर शुक्रवारी येणार असं ठरलं. मासिकात नाव आलं की मला पुन्हा कोणी कॉलेज विचारणार नव्हतं. माझं सगळं त्या शुक्रवारावर होतं.

गुरुवारी काकू फळी घेऊन आल्या. बाऊजींच्या खोलीतून आम्ही निघालो आणि फळी टाकीला टेकली. काकूंनी तिरकी करून पाहिली नाही. खडू काढला, नव्या संगमरवरावर फुली मारली.

"टाकी हलव."

"काकू, सोफा आत येऊन महिना झाला," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "आता कशाला? उद्या फोटो आहेत. टाकी काढली तर या घरात राहिलं काय?"

"माणसं," काकू म्हणाल्या.

"तुम्हाला माझं काही चांगलं झालेलं बघवत नाही का?" हे मी म्हटलं. मिसेस खन्नांसमोर म्हटलं. जीभ झडली असती तर बरं झालं असतं. काकू म्हणाल्या, "बरं," एवढंच, आणि फळी एकट्यानं काखेत धरून निघून गेल्या. ती फुली मी ओल्या फडक्यानं पुसली.

फोटो छापून आले. टाकी पानभर. मला कामं मिळायला लागली, बाबा मासिक दाखवत क्वार्टर्सभर फिरले. काकूंकडे जाणं हळूहळू राहिलं. मनात रोज यायचं की जावं, माफी मागावी. मग वाटायचं, पुढच्या आठवड्यात.

जानेवारीत रईसभाईंचा फोन आला. रईसभाई काकूंचे सुतार, पहिल्यापासूनचे. ती फळी त्यांनीच बनवलेली. म्हणाले, "बेटा, मैडम नहीं रहीं. सुबह बाई ने दरवाजा खटखटाया, उठीं नहीं. आ जाओ."

काकूंचा फ्लॅट मयूर विहारला, चौथ्या मजल्यावर. काकू आतल्या खोलीत होत्या, शाल गळ्यापर्यंत, झोपल्यासारख्या. पुण्याहून भाचा दुपारच्या विमानानं आला. खाली पार्किंगमध्ये तिरडी बांधत होते, पण चार मजले खाली न्यायचं कसं, यावर दारात चर्चा चालली. कोणी म्हणालं चादरीत, कोणी म्हणालं खुर्चीत बसवून. खुर्ची म्हटल्यावर रईसभाईंचा चेहरा पार उतरला. ते आतल्या खोलीत गेले आणि दारामागून फळी घेऊन आले.

मला तेव्हा कळलं. कोणाला सांगावं लागलं नाही.

काकूंना फळीवर ठेवलं. काकू पाच फुटांच्या. डोक्याशी आणि पायाशी थोडी थोडी जागा उरली. पुढं भाचा आणि शेजारचे एक गृहस्थ, मागं रईसभाई. चौथी मी पुढं झाले तर ते गृहस्थ म्हणाले, "तुम रहने दो बेटा, आदमी उठा लेंगे."

"मला रस्ता माहीत आहे, अंकल," मी म्हटलं. बाहेर मी कधी मराठी बोलत नाही, त्या वेळी तीच निघाली. ते बाजूला झाले.

दोन्ही हातांनी धरलं. जड होतं. उंबरठ्यापाशी माझे पाय आपोआप थांबले, मी फळीकडे पाहिलं, काही सरकलेलं नव्हतं. पॅसेजमध्ये वळलो. कुठं टेकलं नाही. टेबल लांब होतं, चपलांचं कपाट भिंतीत होतं, दार पूर्ण उघडत होतं. जिन्याच्या प्रत्येक वळणाची जागा रुंद. हा फ्लॅट काकूंनी जिना बघून घेतला होता, हे मला माहीत होतं, पण का ते नव्हतं. भाचा घाईनं उतरायला लागला तेव्हा मी म्हटलं, "हळू. घाई कोणाला आहे?" आणि मग मला रडू फुटलं.

संध्याकाळी रईसभाईंनी सांगितलं. काकूंचं आधीचं घर नोएडाला होतं, नव्या सोसायटीत. हौसेनं सजवलेलं. मासिकातला फोटो देऊन काकूंनी रईसभाईंकडून पॅसेजच्या तोंडाशी मोठं शोकेस करून घेतलं होतं. परचुरेकाका आतल्या खोलीत वारले. शोकेसपाशी त्यांना वळवता येईना. चार माणसांनी अर्धा तास खटपट केली. शेवटी त्यांना उभं केलं. काका आपल्या घरातून उभे बाहेर गेले, दोघांनी काखेत धरलेले, मान खांद्यावर लोळत. मागून काकू चालत होत्या.

"वो शोकेस मैंने बनाया था," रईसभाई म्हणाले. "अगले दिन मैडम ने मुझे बुलाया. मैंने सोचा, गाली देंगी. बोलीं, इसे तोड़ो, और इसी की प्लाई से एक फट्टा बना दो. साहब के नाप का."

फळी त्यांनी नळाखाली धुतली आणि मला दिली. आई म्हणाली, असली वस्तू घरात आणायची नाही, बिल्कुल नाही. मी ती गाडीच्या टपावरच ठेवली.

तेराव्यानंतर मी मिसेस खन्नांना फोन केला, की टाकी हलवायची आहे. त्या हसल्या. "मीनल, उसी की वजह से तो फोटो छपा था." मी म्हटलं, माझ्याकडून चूक झाली होती, मी स्वतः दुरुस्त करते. दोन दिवस त्या नाही म्हणत राहिल्या, मी येते म्हणत राहिले. शेवटी मी आणि रईसभाई गेलोच. टाकी दिवाणखान्यात खिडकीपाशी नेली. मासे नेहमीसारखे गोल फिरत होते. पॅसेजचं वळण उघडं, साधं झालं. फोटो काढण्यासारखं तिथं काही राहिलं नाही.

मग आम्ही फळी घेऊन आतल्या खोलीत गेलो. बाऊजी पलंगावर बसले होते. मी पुढचं टोक धरलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बाऊजींनी विचारलं, "क्या नाप रही हो बेटा?"

"सोफा, बाऊजी."

ते फळीकडे बघत राहिले. मग सतरंजी ठोकलेल्या कडेवर त्यांनी हात ठेवला, टोकापर्यंत नजर नेली, परत आणली. मला त्यांच्याकडे बघवेना, पण मी बघितलं. इतक्या महिन्यांत मी त्या खोलीचे पडदे तीनदा बदलले होते. त्या पलंगावरचा माणूस मला आज दिसत होता.

"वो दूसरी मैडम भी यही लाई थीं," बाऊजी म्हणाले. "तब अटक गया था."

"आज नहीं अटकेगा, बाऊजी."

त्यांनी मान हलवली. आम्हाला वाट द्यायला पाय वर घेतले, पलंगावर नीट जुळवून ठेवले.

"ठीक है," म्हणाले. "आराम से ले जाना. जल्दी किसको है."