चाळीस वाक्यं

भाषेतलं तुला काय कळतं, असं कोणी विचारलं असतं तर मावशीने आधी हात झटकले असते. सातवीत शाळा सुटलेली बाई. पण बालगृहाच्या त्या लांबट खोलीत, आठ पाळण्यांच्या मधे, तिने सव्वीस वर्षं काढली होती. बाटल्या उकळल्या, लंगोट वाळत घातले, भिंतीवरच्या तक्त्यावर पोरांची वजनं लिहिली, आणि हे सगळं करता करता एकोणचाळीस पोरांना वाचा फुटताना पाहिली.

कुठून कुठून आलेली पोरं! कोणाची आई कोणती भाषा बोलायची, देव जाणे. पण सगळ्यांची गाडी एकाच वाटेने जायची. आधी ओठांवरचे आवाज, म आणि ब आणि प. मग क, ग. आणि तो र आणि तो ळ, ते मेले सगळ्यात शेवटी, नाकी नऊ आणून. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास एक दिवस पोरगं ऐटीत येऊन सांगायचं, "मी करलं!" केलं नाही, करलं. "कोणाच्या तोंडून ऐकलंस रे हे?" मावशी कमरेवर हात ठेवून विचारायची. त्या खोलीत मोठं माणूस जन्मात कधी असं बोललं नव्हतं. तरी एकामागून एक प्रत्येक पोर हीच चूक करायचं, आणि न शिकवता सुधारायचंही.

महिन्यातून एकदा पोरांचं बोलणं तपासायला एक डॉक्टरीणबाई यायच्या. त्या म्हणाल्या, "मावशी, पोरं नुसती पोपटपंची करत नाहीत. ऐकलेल्यातून स्वतःच नियम काढतात आणि लावून बघतात. जगातली सगळी पोरं असंच करतात."

"हे कळायला तुम्हाला एवढं शिकावं लागलं होय?" मावशी म्हणाली. डॉक्टरीणबाई हसल्या म्हणून बरं.

बालगृहात एक नियम होता. सांभाळणाऱ्या बाईला पोरांनी मावशी म्हणायचं, आई नाही. आई हा शब्द न्यायला येणाऱ्या बाईसाठी राखून ठेवायचा. मावशीने तो नियम सव्वीस वर्षं पाळला. कोणी चुकून आई म्हणालं तर ती लगेच म्हणायची, "मावशी म्हण, मावशी." असं म्हणताना तिला काय वाटायचं ते तिचं तिला ठाऊक.

मग आली टिटवी. कागदावर तिचं काहीतरी छान नाव होतं, पण चार महिन्यांची असल्यापासून जी किंचाळायला लागली ती थांबेचना, म्हणून मावशीने तिला टिटवी केलं. दीड वर्षाची झाल्यावर किंचाळणं गेलं आणि बडबड सुरू झाली. आंघोळ घालताना बडबड, भरवताना बडबड. "माशी, हे काय? माशी, ते का?" मावशी कावायची, "अगं, घास गिळ आधी, कार्टे!" आणि सुट्टीच्या दिवशी घरी बसवेना म्हणून दुपारी पुन्हा बालगृहात हजर व्हायची. जीव लावायचा नाही असं तिने दर वेळी ठरवलेलं असायचं. या वेळी ते मुळीच जमलं नाही, हे तीही कबूल करायची.

टिटवी दोन वर्षांची झाली आणि तिला दूर देशातलं एक जोडपं मिळालं. माणसं चांगली होती. बालगृहाच्या मोठ्या बाईंनी फोटो दाखवला तेव्हा मावशी त्यावर बोट ठेवून म्हणाली, "बाईचे हात मऊ असतील. पण पोरीचं बोलणं तिला कळणार का?"

तिला भीती होती ती गोबऱ्यासारखं होण्याची. आधी एक अडीच वर्षांचा गोबरा मुलगा असाच लांब गेला होता, आणि तिकडे चार महिने एक अक्षर बोलला नव्हता. पत्रात लिहून आलं होतं, 'दिवसभर दाराकडे तोंड करून बसतो.' ते ऐकल्यापासून मावशीच्या मनाने घेतलं होतं की आपलं चुकलं. आपण त्याला बोलायला शिकवलं आणि तिकडे कोणाला कळणार नाही अशा बोलीसकट पाठवून दिलं.

टिटवीचं असं होऊ द्यायचं नाही. मावशीने हट्टच धरला. मोठ्या बाईंनी नव्या आईकडून तिच्या भाषेतली चाळीस वाक्यं फोनवर बोलून मागवली. भूक लागली, पाणी हवं, उचलून घे, भीती वाटते, असली. चोपन्न वर्षांची मावशी लंगोटांच्या घड्या घालता घालता ती घोकायला लागली. त्या भाषेत घशातून काढायचा एक आवाज होता, गुळणी करताना येतो तसा. मावशीला तो काही केल्या निघेना. टिटवीने तिसऱ्या दिवशी काढला. वर मावशीच्या गळ्यावर बोट ठेवून म्हणाली, "इथून बोल, माशी."

"तिचे कान अजून उघडे आहेत, आपले मिटले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी सांगून टाकलं, "एक मात्र आहे, मावशी. तिकडे गेली की इथलं बोलणं जाईल. वर्षभरात सगळं पुसलं जाईल."

"जाईल कसं?" मावशी भडकली. "माझ्या मांडीवर शिकलीय ती!"

चार महिन्यांत टिटवी चाळीसच्या चाळीस वाक्यं बोलायला लागली. न्यायला आलेल्या बाईने हात पुढे केले, तेव्हा टिटवीने तिच्याच भाषेत तिला सांगितलं, "उचलून घे." ती बाई रडायलाच लागली. मावशी बाजूला उभी राहून बघत होती. सगळं अगदी तिने ठरवलं होतं तसंच झालं होतं. त्या दिवशी तिने रिकाम्या पाळण्याची चादर तीनदा बदलली.

दोन आठवड्यांनी मोठ्या बाईंनी तिला खोलीत बोलावलं. नव्या आईने टिटवीचा आवाज फोनवर भरून पाठवला होता. सोबत लिहिलं होतं, 'ही रोज संध्याकाळी असं म्हणते. तिला काय हवंय? जे हवं असेल ते देईन, फक्त सांगा.' बाईंनी तो लावला. टिटवीचा रडून बसलेला आवाज आला, "मावशीकडे जायचं. मावशी, ये ना. मावशी, ये ना गं." माशी नाही. स्पष्ट मावशी. नेमका आत्ता तिला तो शब्द नीट आला होता.

मोठ्या बाई म्हणाल्या, "मला कळलंय ती काय म्हणते ते. पण उत्तर तू सांग. काय लिहू?"

खरं लिहिलं असतं तर काय झालं असतं? त्या बाईने निदान मावशीशी बोलणं करून दिलं असतं, फोटो दाखवला असता, तो शब्द त्या घरात राहिला असता. मावशीला हे सगळं कळत होतं. पण डोळ्यांपुढे आला तो दाराकडे तोंड करून बसलेला गोबऱ्या. "लिहा, पाणी मागतेय," ती म्हणाली. "पाणी द्या, जवळ घ्या आणि तुमच्या भाषेत बोलत राहा, म्हणावं. राहील उगी."

ती उगी राहिली. महिन्याभराने पत्र आलं की आता ती संध्याकाळी काही मागत नाही.

मावशीने मात्र ती भाषा सोडली नाही. चाळीसची शंभर झाली, मग दोनशे. मोठ्या बाईंनी फोनवरचे धडे लावून दिले. बाकीच्या बायका टिंगल करायच्या, "मावशी, विमानाचं तिकीट काढलंस की काय?" "काढीन, तुझ्या बापाच्या पैशाने," असं ती ठणकावून सांगायची. तिला एकदाच टिटवीशी बोलायचं होतं. एकदा टिटवीने आपल्याला ओळखायला हवं, एवढंच तिचं मागणं होतं.

चौदा महिन्यांनी तो योग आला. भर दुपारी, मोठ्या बाईंच्या टेबलावर, पडद्यावर टिटवी दिसली. केस कापलेले, गाल भरलेले, साडेतीन वर्षांची. मावशीने आधी आपल्याच बोलीत हाक मारली, "टिटवे! ओळखलंस का गं मला?"

टिटवी बघत राहिली, भिंतीकडे बघावं तशी.

"सगळं जेवतेस ना? अगं, मी मावशी!"

मग मावशीने ओठ पुसले आणि आठवडाभर घोकलेलं वाक्य त्या भाषेत म्हटलं. 'मी तुला लहानपणी मांडीवर घ्यायचे.' घशातला आवाज नेमका दोनदा येत होता आणि दोन्ही वेळा चुकला.

टिटवीने नीट ऐकलं. मग आईकडे वळून तिने भराभर, त्या आवाजासकट, काहीतरी विचारलं. आई लाजून लाल झाली आणि तिला हळूच दटावलं.

खोलीत ती भाषा कळणारी मावशी एकटीच होती. टिटवीने विचारलं होतं, "ह्या आजीला बोलता येत नाही का?"

"काय म्हणाली गं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

मावशीचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती. "छान बोलते, बाई," ती म्हणाली. "किती स्वच्छ बोलते! एकसुद्धा चूक नाही."