संत्र्यावरचं नख

हे मले आत्ताच सांगा लागते, माह्या पोटात राहणार नाही! सौंसरहून नागपूरच्या बसमध्ये बसली हाय, चित्र मांडीवर हाय, अन् चित्रातल्या संत्र्याले कोणाचं तरी नख लागलेलं हाय.

काल सकाळी दिसलं. देठाजवळ, बारकं, वाकडं. आज प्रदर्शनात द्यायचं चित्र!

मी अंड्याच्या बलकात रंगाची पूड घोटून रंगवते. एकावर एक पातळ रेघा मारत जायच्या. लय वेळ जाते, पण सालीचं एकेक छिद्र दिसते, आतून उजेड आल्यावानी. हा रंग लवकर वाळल्यासारखा वाटते, पक्का व्हायले मात्र महिने लागतात. तोवर नखानं खरवडते.

पहिला संशय भावावर.

"तूच होय न बे?"

"अवं, मले संत्रा पाहिजे असता त फ्रिजमधला नसता खाल्ला?"

मंग मायवर. अंड्याच्या टरफलांवरून ती चिडलीच होती.

"माह्याकडे काऊन पाहून राहिली? मांजर असन."

"मांजर एकच नख मारते काय?"

बाबांवर संशयच नव्हता. बाबा माळकरी. घरात अंडं नको म्हणून तं माहं सारं काम आंगणातल्या टिनाच्या खोलीत. ते दारातूनच म्हणत, "तुह्या अंड्याच्या चित्राले मी हातबी लावत नाही."

कालच दुपारी जेवायले बसलो. बाबा वरण-भात चमच्यानं खाऊन राहिले होते. बाबा? अन् चमचा?

"बाबा, अंगठा दाखवा."

नखात केशरी रंग!

"अवं, जिंदगी संत्र्याच्या बगीच्यात गेली माही," बाबा खाली पाहत म्हणाले. "संत्रा दिसला का साल खरवडून वास घ्यायचा, हे हाताले सांगा लागते काय?"

"मंग?"

"वासच नाही आला. तवा आठवलं, अंडं! साबणाची वडी झिजवली, तरी हात तोंडाशी नेववत नाही."

माय हसून हसून लाल झाली. भाऊ म्हणे, "बुजव न ते." मी बलक घोटला, कुंचला उचलला, अन् ठेवून देल्ला. बगीचेवाला फसला, तो संत्रा कायले बुजवू? परीक्षक डाग म्हणतीन त म्हणू द्या.

पण आता नवाच संशय येऊन राहिला. दारातूनच बोलणारे बाबा त्या खोलीत गेले कायले होते? अन् पहिल्यांदाच गेले होते काय?

तुमच्या घरीबी असं झालं काय, हातबी लावत नाही म्हणणाराच गुपचूप पाहून जाते? सांगा न!